मॅडम ओक यांची तिरकी खुर्ची

५ मार्च २०१३, मंगळवार. जागा सिंगापुरात, पाया लेबारच्या आमच्या ऑफिसातली छोटी मीटिंग रूम. रक्कम: दर मुलाखतीमागे रुग्णाला वीस डॉलरचं सुपरमार्केटचं व्हाउचर. हजर: पोटाच्या विकारांचे डॉक्टर चुआ, आकडेमोडीसाठी मी, आणि भाषांतर तपासायला बोलावलेल्या मॅडम ओक. बैठकीची टिपणं काढायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे आज त्यांच्याविषयी लिहायला बसल्यावरही हात आपोआप तिथूनच सुरू झाला.

ईमेलमध्ये 'ओक' वाचून मला वाटलं होतं, कुणीतरी पुण्याकडच्या बाई असणार. दार उघडून आत आल्या त्या सत्तरीला टेकलेल्या, बुटक्या, ताठ पाठीच्या कोरियन बाई. डोक्यावर उन्हाची टोपी, खांद्याला कापडी पिशवी. मी माझा गैरसमज सांगून टाकला.

"तुमच्यात ओक पुष्कळ आहेत?" त्यांनी विचारलं.

"बरेच आहेत."

"मग तुमचं बरं आहे. आमच्यात मोजके. त्यातली मी गेले की आणखी एक कमी."

त्यांचं इंग्रजी सावकाश पण स्वच्छ होतं. चाळीस वर्षं सिंगापुरात काढलेली होती. नवरा बांधकामाचा इंजिनियर म्हणून इथे आला, काम संपल्यावरही दोघं राहिले, बुकित पंजांगला घर केलं, एक मुलगी झाली. कोरियन मुलांना शनिवारी मातृभाषा शिकवायच्या एका वर्गात त्या शिक्षिका होत्या. एवढंच चरित्र मला माहीत आहे आणि एवढंच पुरे.

काम असं होतं. आतड्याच्या दुखण्यांसाठी एक इंग्रजी प्रश्नावली आहे. दिवसातून किती वेळा जावं लागतं, घाई होते का, रक्त पडतं का, पोटात कळ येते का, त्यामुळे घराबाहेर पडणं टाळता का, असले प्रश्न. ती कोरियन बोलणाऱ्या रुग्णांसाठी करायची होती. नुसतं भाषांतर करून भागत नाही. एकाने भाषांतर करायचं, दुसऱ्याने ते न पाहिल्यासारखं परत इंग्रजीत आणायचं, मग दोन्ही ताडून बघायची. त्यानंतर रुग्णांना विचारायचं, तुम्हाला यातून काय कळलं. शेवटी त्याच रुग्णांकडून तोच कागद दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा भरून घ्यायचा. दुखणं तेच असेल तर उत्तरंही जवळजवळ तीच यायला हवीत. तशी आली की कागद भरवशाचा ठरतो आणि रुग्णालयं तो वापरू शकतात. तो शेवटचा ताळमेळ माझ्याकडे.

घरी माझ्या या कामाला मान नव्हता. माझी मुलगी इरा तेव्हा बारा वर्षांची होती. ती मैत्रिणींना इथल्या इंग्रजीत सांगायची, "माय मदर डझ मॅथ्स ऑन पूप, लाह." महाराष्ट्र मंडळात कुणी विचारलं तर मी 'आरोग्यविषयक आकडेवारी' म्हणायची आणि विषय बदलायची. खरं तर आपल्याकडे पोटाची लाज फारशी नाही. माझे सासरे बेडोकला आमच्याकडे येऊन राहिले की सकाळच्या चहाला रोज जाहीर करायचे, आज साफ झालं की नाही. मी हे मॅडम ओकना सांगितलं तेव्हा त्या टेबलावर हात आपटून हसल्या.

"त्यांना माझ्याकडे पाठवा, वैशाली-सी. आमच्या म्हाताऱ्यांना शिकवायला मास्तर हवाच आहे."

'सी' म्हणजे त्यांच्याकडे नावापुढे लावायचा मान. आपल्या 'ताई'च्या जवळचा.

पहिल्या बैठकीत समोर जे भाषांतर होतं ते एका हुशार विद्यार्थ्याने केलेलं होतं. मॅडम ओक यांनी ते दोनदा वाचलं आणि खाली ठेवलं. "चूक एकही नाही," त्या म्हणाल्या. "पण हे परीक्षेत विचारल्यासारखं आहे. परीक्षेत माणूस चांगलं उत्तर देतो." मग त्यांनी एका प्रश्नावर बोट ठेवलं, पोटामुळे बाहेर जाणं टाळता का. "आमचा म्हातारा लिहील, कधीच नाही. आणि ते खरंच असेल. तो बाहेर जातो. पण कुठल्या एमआरटी स्टेशनात संडास गेटच्या आत आहे आणि कुठल्या स्टेशनात बाहेर, हे त्याला सगळं पाठ असतं. ते विचारा."

"तुम्हाला हे कसं माहीत?" डॉक्टर चुआंनी विचारलं.

"मलाही पाठ आहे. नवऱ्यामुळे."

बाकीचं त्यांनी मला नंतर खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपरीवर बार्लीचं पाणी पिता पिता सांगितलं. नवऱ्याला रक्त पडत होतं. इंजिनियर माणूस, पण इंग्रजी साइटपुरतं. डॉक्टरकडे दुभाषी म्हणून मुलीला घेऊन जायचा. मुलगी मिन्जी तेव्हा नुकती नोकरीला लागलेली. डॉक्टर इंग्रजीत विचारायचे, मिन्जी मान खाली घालून कोरियनमध्ये विचारायची, आणि तो प्रत्येक वेळी म्हणायचा, "क्वेनचाना." म्हणजे ठीक आहे, काही नाही. मिन्जी ते तसंच इंग्रजीत सांगायची. दीड वर्ष तो ठीक होता. मग एकदम काहीच करता येण्यासारखं राहिलं नाही.

"तुम्ही का नाही गेलात बरोबर?" मी विचारलं.

"मला तरी काय सांगितलं असतं? मी कपडे धुते, मला दिसत होतं. मी विचारलं की तेच, क्वेनचाना." त्यांनी ग्लासातला बर्फ हलवला. "मुलीच्या तोंडून बापाचं रक्त कसं बोलायचं? एक कागद हवा होता. एक पेन. आणि मुलगी दाराबाहेर. एवढंच हवं होतं."

तो कागद त्यांना करायचा होता. मानधन किती, हे त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही. रुग्णालयांच्या यादीत हा कागद कधी लागेल, एवढंच दर भेटीत विचारायच्या.

मुलाखती घ्यायचं कामही त्यांच्याकडेच आलं, कारण इतकं कोरियन बोलणारं आमच्याकडे दुसरं कुणी नव्हतं. त्यांच्या पिशवीत एक फळ कापायची सुरी असायची. रिसेप्शनवरची मुलगी दर वेळी हटकायची, "आन्टी, नाइफ अगेन आ?" आणि मॅडम ओक दर वेळी सुरीच्या शेजारचं फळ दाखवायच्या, मुठीपेक्षा मोठं, पिवळसर कोरियन नासपती. "हे हातांनी सोलून दाखव, मग सुरी घरी ठेवते."

एक मुलाखत मी कोपऱ्यात बसून पाहिली. नोह नावाचे आजोबा होते, पूर्वी शिंप्याचं काम केलेले. सून बरोबर. मॅडम ओकनी सुनेला आधी गोड बोलून खालच्या मॉलमध्ये पिटाळलं. मग आपली खुर्ची उचलून तिरकी लावली, अशी की दोघांची तोंडं खिडकीकडे व्हावीत, एकमेकांकडे नाही. कागद टेबलावर ठेवला, त्याच्याकडे बघितलंही नाही. नासपती काढून सोलायला घेतलं. साल एकच, लांबलचक, न तुटता खाली उतरत होती. आजोबा त्या सालीकडे बघत होते. फोडी झाल्या, दोघांनी खाल्ल्या. अर्धं फळ संपेपर्यंत हवापाणी चाललं असावं. मग आजोबा मध्येच थांबले आणि खिडकीशी बोलल्यासारखं सावकाश बोलायला लागले. मॅडम ओकनी मान वळवली नाही. फक्त पेन त्यांच्या हाताजवळ सरकवलं.

झाल्यावर त्यांनी व्हाउचर दोन्ही हातांनी दिलं, किंचित वाकून. मी म्हटलं, महिनाअखेर सगळ्यांची एकत्र पाठवली तर मला हिशेबाला सोपं जाईल.

"नाही, वैशाली-सी. यांनी आज पोटातलं काढून दिलंय. आजच द्यायचं, हातात."

"काय म्हणाले ते?"

"बॅगेत एक पँट जास्तीची ठेवतात. स्वतः शिवलेली, घडी अगदी छोटी होईल अशी. सुनेला वाटतं बॅगेत बायबल आहे."

सिंगापुरात कोरियन माणसं आहेत, पण आतड्याचं दुखणं असलेली, इंग्रजी न येणारी आणि कागद भरायला तयार असलेली किती असणार? दीड वर्ष मॅडम ओक त्यांना शोधत फिरल्या. चर्चमध्ये, किराणा दुकानांत, शनिवारच्या वर्गातल्या मुलांच्या आजी-आजोबांत. एकेक करून त्यांनी आम्हाला हवे तेवढे रुग्ण आणले. डॉक्टर चुआ म्हणायचे, मॅडम ओक नसत्या तर हा अभ्यास पहिल्याच वर्षी गुंडाळला असता.

नियमाप्रमाणे सगळी उत्तरं हाती येईपर्यंत आकडे उघडायचे नसतात. ते मी २०१५ च्या पावसाळी जानेवारीत उघडले. पहिल्या वेळची आणि दुसऱ्या वेळची उत्तरं शेजारी मांडली आणि माझा माझ्यावरच विश्वास बसेना. स्तंभ उलटे लागलेत का पाहिलं. मूळ कागद काढून एकेक ताडला. चूक नव्हती. दोन आठवड्यांत जवळजवळ प्रत्येक रुग्णाचं दुखणं वाढलेलं दिसत होतं. पहिल्यांदा 'कधीच नाही', दुसऱ्यांदा 'बऱ्याचदा'. नोह आजोबांसारखे एकदोनच दोन्ही वेळा सारखे.

बैठक बोलावली. तेच तिघं, तीच खोली. मी आलेख भिंतीवर दाखवला. मॅडम ओक यांनी चष्मा लावून तो बघितला आणि चेहरा खुलला.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या वेळी खरं सांगितलं सगळ्यांनी."

"पहिल्या वेळी का नाही?" डॉक्टर चुआंनी विचारलं.

"पहिल्या वेळी मी कोण? नासपतीने सगळीच कुलपं उघडत नाहीत. म्हणून मग मधल्या दिवसांत मी घरी जायची. पेज घेऊन."



"पेज घेऊन," डॉक्टर चुआ म्हणाले. "प्रत्येकाकडे?"

"आजारी माणसाला दोन आठवडे कोण विचारणार नाही? तांदळाची पेज, कधी त्यात भोपळा. बसायचं, ती खाईपर्यंत थांबायचं. दोनदा, तीनदा. मग माणूस आपला होतो."

"मॅडम ओक, मध्ये संपर्क करायचा नाही असं कलम आहे. तुम्ही त्यावर सही केलीय, लाह."

"मी एक प्रश्न विचारला नाही, डॉक्टर. कागदाचं नावसुद्धा काढलं नाही. पेज द्यायला गेले. तो काय संपर्क?"

त्यांनी खरोखरच तसं मानलं होतं. त्यांच्या हिशेबी संपर्क म्हणजे चौकशी. आजाऱ्याच्या घरी डबा नेणं ही माणसाने करायचीच गोष्ट, तिला कलम कसलं. मला ते लगेच कळलं, कारण आमच्या आईनेही शेजारच्या बाळंतिणीकडे आटवल नेताना कुणाची परवानगी घेतली नसती.

मीच समजावून सांगायला गेले. म्हटलं, दोन्ही वेळा माणूस तसाच असला पाहिजे, तरच कागदाची परीक्षा होते.

"दुखणं तसंच होतं. माणूस तेवढा खोटं बोलायचा थांबला."

"आकड्यांना ते वेगळं ओळखता येत नाही, मॅडम ओक. दुखणं वाढलं, पेजेने पोट बिघडलं, भीड गेली किंवा कागदच चुकीचा आहे, या सगळ्याचा आलेख असाच दिसतो."

"मग मी सांगते ना. मी बघितलंय."

"तुमचं सांगणं मला मोजता येत नाही."

मी हे शक्य तितक्या हळू आवाजात म्हटलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. शनिवारच्या वर्गात एखाद्या चांगल्या मुलाला सोपा धडा येऊ नये तसं.

"बरं. मग पुन्हा करू," त्या म्हणाल्या. "या वेळी पेज नाही. वचन."

"कुणाबरोबर?" डॉक्टर चुआ म्हणाले. "होते तेवढे सगळे तुम्ही आणलेत. आता ते सगळे तुम्हाला ओळखतात. त्यांची पहिली वेळ संपली."

तेव्हा कुठे त्यांना ते पोचलं. त्यांनी चष्मा काढला, घडी केला, उघडला, पुन्हा घडी केला. आलेख भिंतीवर तसाच होता. शेवटी एवढंच विचारलं, "यादीत लागणार नाही का?"

"नाही, मॅडम."

निधीची मुदत मार्चअखेर संपली. सेऊलमध्ये वगैरे करता येईल का, असं डॉक्टर चुआंनी दोनचार ठिकाणी विचारलं, पण त्यांचे तिथे कुणी ओळखीचे नव्हते, आणि वर्षाअखेर ते स्वतः दुसऱ्या रुग्णालयात गेले. कोरियन प्रश्नावली आमच्या सर्व्हरवर एका फोल्डरमध्ये राहिली. फोल्डरच्या नावापुढे मीच 'बंद' असं लिहिलं. नियमच तसा आहे.

मॅडम ओक त्यानंतरही मला वर्षातून एकदोनदा भेटत. नोह आजोबा गेले ते त्यांनीच सांगितलं. सुनेने बॅग उघडली तेव्हा बायबल नव्हतं. "ती मला विचारत होती, पँट कशाला?" त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, शिंपी होते ना." एकदा मी उगाच म्हटलं, कागद तयार तर झाला, तुमच्याकडे प्रत आहे, तुम्ही ओळखीत वापरा. त्या म्हणाल्या, "डॉक्टर त्यावर विश्वास ठेवणार नाहीत. तुम्हीच सांगितलंत ना तसं." त्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

२०१७ च्या नोव्हेंबरात मिन्जीचा मेसेज आला. आईला झटका आलाय, उजवी बाजू गेलीय, तुम्हाला भेटायचं असेल तर या. मी शनिवारी दुपारी गेले. वॉर्डात सहा खाटा, मॅडम ओक खिडकीजवळच्या. टोपी नव्हती म्हणून आधी ओळखल्याच नाहीत. मला बघून डोळे हलले. मी इंग्रजीत बोलले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटेना. मिन्जी म्हणाली, "इंग्रजी गेलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. फक्त कोरियन उरलंय."

नर्स आली. चांगली, हसरी मुलगी. "आन्टी, टमी ओके? पास मोशन ऑलरेडी?" मॅडम ओकनी मान हलवली. नर्सच्या हातातल्या पाटीवर दुखण्याचे चेहरे होते, खाली चार भाषा. कोरियन नव्हती. नर्सने मिन्जीला विचारायला सांगितलं. मिन्जी आता चाळिशीची, दमलेली. तिने खाली वाकून हळूच विचारलं. मॅडम ओक लेकीकडे बघून म्हणाल्या, "क्वेनचाना."

"शी सेज फाइन," मिन्जी नर्सला म्हणाली.

ताटातलं अन्न तसंच होतं. डावा हात पांघरुणाखाली पोटावर दाबून धरलेला होता. मिन्जीच्या ते लक्षात आलं नाही असं नाही, पण तिने विचारलं होतं आणि तिला उत्तर मिळालं होतं.

मिन्जी बिलाचं बघायला खाली गेली. मी येताना एक नासपती घेतलं होतं, काय न्यावं ते सुचेना म्हणून. नर्सकडून सुरी मागून घेतली. खुर्ची उचलली आणि तिरकी लावली, आमची तोंडं खिडकीकडे होतील अशी. सोलायला घेतलं. माझी साल सारखी तुटत होती, मांडीवर तुकडे पडत होते. एक पातळ फोड त्यांच्या डाव्या हातात दिली. त्यांनी ती चोखली. मी खिडकीबाहेर बघत राहिले. समोर गाड्या लावायची इमारत होती.

मग त्या बोलायला लागल्या. हळू, जीभ अडखळत, पण सलग. खूप वेळ. मी मान वळवली नाही. मला एक अक्षर कळत नव्हतं. डाव्या हाताची सावली भिंतीवर हलत होती, पोटावर एके ठिकाणी, मग खाली, मग आणखी खाली. एकदा तो हात माझ्यापुढे आला आणि त्यांनी अंगठा मिटून चार बोटं दाखवली. थांबल्या. पुन्हा चार बोटं. आकडा मला कळला. वेळा की दिवस की महिने, ते कळलं नाही. माझ्या आयुष्यात इतका निरुपयोगी आकडा मला मिळालेला नाही.

फोन काढून आवाज टिपून घ्यावा, हे मला घरी आल्यावर सुचलं.

दार वाजलं, मिन्जी आत आली, आणि त्या गप्प झाल्या. "काय म्हणत होती?" मिन्जीने मला विचारलं. मी म्हटलं, मला माहीत नाही, पण पोटाचं काहीतरी आहे, नक्की आहे. तिने पुन्हा विचारलं. "क्वेनचाना, क्वेनचाना," मॅडम ओक म्हणाल्या आणि लेकीचा गाल थोपटला.

मी नर्सला सांगितलं, तिने ते लिहून घेतलं. सोमवारी रुग्णालयाने एक कोरियन दुभाषी मुलगा आणला. मिन्जी खाटेशीच उभी होती. त्यालाही त्यांनी तेच सांगितलं. जानेवारीत त्या गेल्या. मृत्यूच्या दाखल्यावर मेंदूचा झटका लिहिलंय, आणि ते खोटं नाही.

त्या शनिवारी मी तिथून लगेच घरी गेले नाही. खाली सुपरमार्केटमध्ये जाऊन स्वतःच्या पैशाने एक व्हाउचर घेतलं आणि परत वर गेले. दोन्ही हातांनी, किंचित वाकून त्यांना दिलं. त्यांनी ते ओळखलं. डाव्या हाताने उजवा निर्जीव हात उचलून जवळ आणला आणि दोन्ही हातांनी घेतलं.

दिले: वीस डॉलर. कुणाला: मॅडम ओक. मुलाखत पूर्ण, उत्तर नोंदलेलं नाही.